रांगेचं तोंड

मेमे गोनबोला उन्हाळ्यातल्या उत्सवाला जायचं होतं, आणि नगारा न घेता जायचं होतं. मुलाकडे त्याने एवढंच मागितलं.

जन्मभर त्याने नगारा वाजवला होता. लग्नात, धनुष्यबाणांच्या खेळात, लामा गावात येताना आणि गावातून जाताना. आमच्या खोऱ्यात नगारा आणि सनई वाजवणाऱ्यांना मोन म्हणतात. मोन नसला तर कोणतंही शुभकार्य होत नाही, आणि मोन रांगेत बसत नाही. रांग संपते तिथून पुढे, दाराजवळ, जिथे लोकांनी जोडे काढलेले असतात, तिथे तो बसतो. चहा ओतणारी बाई त्याच्या कपावर किटली उंच धरते. किटलीची चोच त्याच्या कपाला टेकली तर किटली राखेने घासावी लागते.

यात कोणी कोणाला ओरडत नाही, हे लक्षात ठेवायला हवं. सगळं हसतमुखाने होतं. पोर चालायला लागलं की कोणाच्या वर बसायचं आणि कोणाच्या खाली, हे त्याला आपोआप कळू लागतं. गोनबोलाही कळलं होतं. त्याची तक्रार नव्हती. त्याला फक्त एकदा, मरायच्या आधी, रांगेत मधेच कुठेतरी बसायचं होतं आणि सगळ्यांच्या किटलीतून सगळ्यांसारखा चहा प्यायचा होता.

"आपल्या गावात ते होणार नाही," तो मुलाला म्हणाला. "पण खिंडीपलीकडे आपल्याला कोण ओळखतं?"

मुलगा मुटुप जनावरांच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होता. कोणाची झोमो, म्हणजे याक आणि गाईची संकरित गाय, अडली, कोणाच्या याकाला जंत झाले, की लोक अर्ध्या रात्री त्याला उठवायचे आणि 'मुटुप-ले' म्हणायचे. आमच्याकडे म्हाताऱ्याला मेमे म्हणतात, मामाच्या वयाच्या माणसाला आझांग, आणि नावापुढे 'ले' लावलं की मान दिला. जनावर बरं झालं की तो 'ले' गळून पडायचा. मुटुपला त्याची सवय झाली होती. बापाच्या मागण्याची मात्र त्याला भीती वाटली, कारण त्या वाटेने ते दोघे एकटे जाऊ शकणार नव्हते. म्हातारा जवळजवळ आंधळा झाला होता. डोळ्यांत उजेड-काळोख तेवढा उरला होता. घोडा लागणार, ओढे ओलांडायला माणसं लागणार. आणि गावातून उत्सवाला निघाला होता नोर्फेल.

नोर्फेल गावातल्या मोठ्या घराचा मालक. आमच्या गावात रांग त्याच्यापासून सुरू होते. मुटुप त्याच्याकडे गेला तेव्हा नोर्फेल गोठ्यात होता. त्याच वसंतात मुटुपने त्याची झोमो वाचवली होती.

"आझांग-ले, आबाला घेऊन यायचं म्हणतोय," मुटुप म्हणाला. "फक्त तिकडे तो मोन आहे असं कोणी बोललं नाही तर..."

नोर्फेल हसला. "एवढंच ना? अरे, माझ्या तोंडून मोन हा शब्द निघणार नाही. झोमोची शपथ!"

त्याची बायको पल्झेस दूध काढता काढता म्हणाली, "आणि तिथे गेल्यावर म्हातारा बोटांनी ताल धरत बसला तर?"

"तर म्हणू, थंडीने कापतोय."

तिघेही हसले.

ते निघाले तेव्हा सातू नुकता गुडघ्याएवढा झाला होता. जीप रस्ता संपेपर्यंत गेली, तिथून पुढे घोडे. गोनबोला नोर्फेलच्याच तांबड्या घोड्यावर बसवलं. ओढे सकाळीच ओलांडावे लागतात, दुपारी वरचा बर्फ वितळून पाणी अंगावर येतं. प्रत्येक ओढ्यात नोर्फेल स्वतः मांडीभर पाण्यात उतरून घोड्याचा लगाम धरायचा आणि म्हाताऱ्याशी बोलत राहायचा, म्हणजे तो घाबरू नये. हेही सांगायला हवं. नोर्फेल वाईट माणूस नव्हता.

"मेमे, घट्ट बस. पडलास तर उत्सवात नगारा कोण वाजवणार?"

"मी नाही वाजवणार, नोर्फेल-ले."

"हो हो, विसरलोच. यंदा तू पाहुणा!"

खिंडीवर पोचल्यावर सगळ्यांनी झेंड्यांपाशी दगड वाहिले आणि देवांचा जयजयकार केला. वारा इतका होता की पताका फाटल्यासारख्या वाजत होत्या. पलीकडचं खोरं खाली हिरवं दिसत होतं, आणि त्याच्या टोकाला कड्यावर गोम्पा, लामांचा मठ, पांढरा.

नोर्फेलने चुलीसाठी तीन धोंडे मांडले आणि म्हणाला, "मेमे, आता इथून खाली उतरलो की मी तुला 'तुम्ही' म्हणणार बरं का. 'मेमे-ले, बसा. मेमे-ले, घ्या.' चालेल ना?"

"सवय नाही," गोनबो म्हणाला. "दुसऱ्या कोणाशी बोलताय असं वाटून मी मागे वळेन."

पल्झेसला एवढं हसू आलं की तिच्या हातातलं सातूचं पीठ वाऱ्यावर उडून गेलं. "वळू नका हो, मेमे-ले! नाहीतर मान लचकेल!"

म्हाताराही हसला. मुटुपने त्याच्या गोंचाच्या, लांब अंगरख्याच्या, गुंड्या लावल्या. गोंचा नवा होता, डाळिंबी. छातीच्या घडीत एक नवा लाकडी कप होता, आतून चांदीचा पत्रा लावलेला. वाटेत म्हातारा पुन्हा पुन्हा घडीत हात घालून तो चाचपायचा.

गोम्पाखालच्या कुरणात पॉपलरच्या सावलीत त्या गावच्या लोकांनी परगावच्या यात्रेकरूंसाठी गालिचे अंथरले होते. रिनपोछे, म्हणजे मोठे लामा, बऱ्याच वर्षांनी त्या खोऱ्यात येणार होते, त्यामुळे लोक खूप. यजमान होता ग्युर्मेत नावाचा एक गृहस्थ. उंच, हळू बोलणारा, प्रत्येकाचं दोन्ही हातांनी स्वागत करणारा.

आमच्याकडे रांगेत बसणं सोपं काम नाही. नवा माणूस आला की तो मुद्दाम खाली बसायला जातो. वरचे त्याला वर ओढतात. तो नाही नाही म्हणतो. मग कोणीतरी त्याला हाताला धरून वर नेतो, आणि आधी बसलेले सगळे ढुंगण सरकवत एकेक जागा खाली येतात. घरं माहीत असली तर घराप्रमाणे ठरतं. अनोळखी लोकांत वयाने.

मुटुप बापाला मधल्या जागेवर बसवणार होता. पण ग्युर्मेतने पांढरे केस पाहिले.

"छे छे, मेमे-ले, इथे कुठे? वर या!"

"मला इथेच बरं आहे," गोनबो म्हणाला.

"असं कसं? या, या, वर या!"

आता सगळ्या रांगेने तेच सुरू केलं. अनोळखी हात म्हाताऱ्याच्या दंडाला, बाहीला लागले. वर या, वर या. तो खरोखरच विरोध करत होता, आणि तो जितका मागे ओढत होता तितका तो लोकांना खानदानी वाटत होता. अशी नम्रता जुन्या मोठ्या घरांतच उरलीय, असं कोणीतरी म्हणालं. शेवटी त्याला रांगेच्या तोंडाशी, चुलीजवळ, सर्वांत जाड गालिच्यावर बसवलं. त्याच्या पुढ्यात कोरलेलं उंच मेज ठेवलं. त्याच्यानंतर, एक जागा खाली, नोर्फेल बसला. नोर्फेलच्या पुढ्यात बुटकं मेज आलं.

मुटुपने नोर्फेलकडे पाहिलं. नोर्फेल हसत होता. हसणं चेहऱ्यावर घट्ट बसवलेलं होतं.

म्हाताऱ्याने दोन्ही तळवे मेजावर ठेवले आणि कोरीव काम बोटांनी वाचत बसला. "ड्रॅगन आहे," तो पुटपुटला. "शेपूट माझ्या बाजूला."

ग्युर्मेत गुडघ्यावर बसून त्याच्याशी बोलू लागला. वाट कशी होती, खिंडीवर बर्फ होता का. मग म्हणाला, "आपलं घर कोणतं, मेमे-ले?"

"खालचं," गोनबो म्हणाला. ते खरंच होतं. मोनांची घरं गावाच्या खालच्या टोकाला असतात.

तेवढ्यात नोर्फेल बोलला. आवाज गोड, मोठा, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"आमच्या मेमे-लेंसारखा हात अख्ख्या खोऱ्यात नाही हो! माझ्या लग्नात यांनीच वाजवलं, माझ्या पोराच्या लग्नात यांनीच वाजवलं. यांच्या काठ्या नगाऱ्यावर पडल्या की म्हाताऱ्या उठून नाचतात!"

 कोणाचा तरी कप मेजावर टेकल्याचा आवाज आला.

ग्युर्मेतच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "असं होय?" तो म्हणाला. "भाग्य आमचं. एवढा मोठा कलावंत आमच्या दारी." तो उठला, वाकला आणि हळूहळू पाठमोरा चुलीकडे गेला.

 गोनबोच्या बोटांची चाळवाचाळव थांबली. आता हात धरून उठवतील, याची तो वाट पाहत होता. कोणी उठवलं नाही. शेजारचा एक माणूस खाकरला आणि हवेबद्दल बोलू लागला.

म्हाताऱ्याने मुटुपचा हात शोधला. "पाहिलंस?" तो कुजबुजला.  "कळलं त्यांना. कळलं, तरी बसू दिलं. इथली माणसं वेगळी आहेत रे."

 मुटुपला चुलीपाशी डोकी एकत्र आलेली दिसत होती.

थोड्याच वेळात गोम्पाच्या छतावरून लांब कर्णे घुमले. रिनपोछे येत होते. सगळे खतक, मान द्यायचे पांढरे रेशमी पट्टे, हातात घेऊन उठले, वाटेच्या कडेला जाऊन वाकून उभे राहिले. मुटुपनेही बापाला उठवून तिकडे नेलं. घोडे गेले, छत्र गेलं, धुपाचा धूर अंगावरून गेला. म्हाताऱ्याच्या बंद पापण्यांतून पाणी वाहत होतं. तो म्हणत होता, "किती जवळून गेले! किती जवळून गेले!"

मुटुपने मान वळवून मागे पाहिलं, तर कुरणात बायका चूल हलवत होत्या. चुलीतले जळते लाकडाचे तुकडे फावड्यावर घेऊन त्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला निघाल्या होत्या. दोन माणसं कोरलेलं उंच मेज उचलून तिकडेच नेत होती. जाड गालिचाही गेला. बाकी सगळं तसंच होतं. तीच रांग, तेच गालिचे. फक्त तिचं तोंड तिकडे गेलं होतं, आणि जिथे गोनबो बसला होता ते आता शेपूट होतं.

मुटुप पुढे निघाला तेवढ्यात ग्युर्मेतने त्याचं कोपर धरलं. पकड अगदी मऊ होती.

"मुटुप-ले ना? कंपाउंडर? तुमच्याबद्दल ऐकलंय," तो म्हणाला. "रागावू नका. आम्ही म्हाताऱ्या माणसाला उठवत नाही. असं करणं आम्हाला शोभणार नाही. ते त्यांच्या जागी बसतील, आम्ही आमच्या जागी बसू. कोणालाच वाईट वाटायला नको."

"पण त्यांना तुम्ही..."

"त्यांना दिसत नाही, हे एका परीने बरंच झालं. तुम्ही बोलला नाहीत तर त्यांचा दिवस छान जाईल. हो की नाही?"

नोर्फेल मागून आला आणि मुटुपच्या खांद्यावर हात टाकला. "तोंड का असं केलंस? मी स्तुतीच केली ना? मोन हा शब्द काढला का मी? सांग, काढला?"

"नाही काढलात, आझांग-ले."

"मग!"

नोर्फेल पुढे गेला. त्याला आता वरून दुसरी जागा मिळाली होती. तो नाही नाही म्हणत होता आणि लोक त्याला हाताला धरून ओढत होते.

मुटुपने बापाला परत त्याच्या जागी नेलं. दुसरं काय करायचं हे त्याला सुचलं नाही. म्हातारा बसला, हात पुढे केले, आणि हात हवेत राहिले.

"मेज कुठे?"

"रिनपोछेंसाठी नेलं," मुटुप म्हणाला.

"न्यायलाच हवं. चांगलं मेज होतं." म्हातारा मांडी घालून ताठ बसला. "आणि नोर्फेल?"

"दर्शनाला थांबलाय."

गोनबोने मान डोलावली. घडीतून कप काढला, बाहीने पुसला आणि तळहातावर धरून बसला. रांगेच्या दुसऱ्या टोकाला किटली उचलली गेली होती. चहा ओतल्याचा आवाज, घ्या घ्या, नको नको, हसणं. म्हाताऱ्याने ते ऐकलं आणि मुलाकडे झुकला.

"खालून सुरू केलंय वाटतं चहा वाढायला?"

मुटुप म्हणाला, "हो."

"त्यांच्याकडची रीत असेल," म्हातारा म्हणाला, आणि मग जरा मोठ्याने, हात उंचावून, रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, "वाढा, वाढा! आधी त्यांना वाढा! मला घाई नाही!"

पल्झेसच्या नाकातून हसू फुटलं. तिने बाहीने तोंड दाबलं. तिच्या शेजारची बाई हसली. मग ते हसू रांगेतून सरकत गेलं. आवाज कोणीच केला नाही. फक्त खांदे हलत होते. ग्युर्मेतने डोळ्यांनी सगळ्यांना दटावलं, आणि मग त्यालाही खाली बघावं लागलं.

"आनंदात आहेत सगळे," गोनबो म्हणाला.

त्याच वेळी त्या गावचा नगारेवाला आला. लुंडुप त्याचं नाव. काळासावळा, पन्नाशीचा, खांद्यावर नगाऱ्यांची जोडी. रिनपोछेंपुढे वाजवत तो सकाळपासून चालला होता, त्याचे ओठ सुकले होते. रांगेच्या शेवटी नेहमीच्या जागी तो आला, तर तिथे डाळिंबी गोंचातला एक म्हातारा बसलेला. लुंडुप दबकला. मग गालिच्याच्या कडेवर, म्हाताऱ्याच्या शेजारी, अंग चोरून टेकला.

नगाऱ्याचं कातडं गवताला घासलं. तो आवाज गोनबोने झोपेतही ओळखला असता.

"कोण?"

"मी इथला वाजवणारा, मेमे-ले. लुंडुप."

म्हाताऱ्याने मान वळवली. "इथे बसलास?"

"हो."

"इथे?" गोनबोच्या आवाजात असं काहीतरी आलं, जे मुटुपने बापाच्या तोंडून आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. तो सूर नोर्फेलचा होता. "अरे, ही पाहुण्यांची रांग आहे. तुला कोणी वर बोलावलं का? मला बोलावलं. हाताला धरून आणलं. मी म्हणत होतो नको, तरी आणलं. माझं वेगळं आहे. तू आपल्या जागी बस, बाबा. खाली जा."

लुंडुपने इकडेतिकडे पाहिलं. खाली जागाच नव्हती. गालिचा संपत होता. त्याने लांबवर, दुसऱ्या टोकाला गेलेली चूल पाहिली, उंच मेज पाहिलं, आणि मग मुटुपकडे पाहिलं. त्याला सगळं समजलं होतं. त्या नजरेत राग नव्हता. तो वाट पाहत होता, मुलगा काही बोलतो का याची.

मुटुप बापाच्या गोंचाची घडी सारखी करत बसला.

लुंडुप उठला. नगारे उचलले, गालिच्यावरून उतरला आणि पलीकडे उघड्या जमिनीवर, जिथे घोड्यांनी लीद टाकली होती, तिथे जाऊन बसला.

"गेला?" गोनबोने विचारलं.

"गेला."

"माणसाने आपली जागा ओळखावी," म्हातारा म्हणाला.

किटली आली. चहा वाढणारी पोरगी रांगभर वाकून थकली होती. तिने मुटुपच्या कपात ओतलं, तिथेही चोच उंच धरून, आणि मग गोनबोच्या कपावर किटली आणखी उंच केली. धार हवेतून आली. लोणी वरच्यांच्या कपांत गेलं होतं, तळाचा पातळ खारट चहा उरला होता. म्हाताऱ्याला धारेचा आवाज आला असणार. पण कप भरत गेला, हाताला गरम लागू लागला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान आलं की जवळच्या दोघातिघांनी हसणं थांबवलं.

त्याने कप दोन्ही हातांत घेतला. अनामिका चहात बुडवून थेंब देवांसाठी उडवला, रीतीप्रमाणे. कप ओठांपर्यंत नेला.

मुटुपने लुंडुपकडे पाहिलं. लुंडुप लिदीतून काडी बाजूला करत होता. पोरगी त्याच्याकडे न जाताच परत वळली होती, किटली रिकामी झाली होती.

"आबा," मुटुप म्हणाला.

"काय रे?"

"रांग उलटलीय."

कप ओठांपाशी थांबला.

"तुम्ही शेवटी आहात," मुटुप म्हणाला. एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबता येईना. "रिनपोछे आले तेव्हा त्यांनी चूल तिकडे नेली. मेज नेलं. नोर्फेल तिकडे वर बसलाय. तुम्ही म्हणालात, आधी त्यांना वाढा, तेव्हा ते हसले. त्या माणसाला तुम्ही उठवलंत ना, ती त्याची जागा होती. तुम्हीच त्याच्या जागेवर बसलाय. तो लिदीत बसलाय. तुमच्यामुळे."

 कुरणाच्या वर गोम्पाच्या अंगणात झांजा वाजल्या. मुखवट्यांचा नाच सुरू होत होता. लोक घाईने उठू लागले, चांगली जागा मिळावी म्हणून. पोरं धावत सुटली. नोर्फेल लांबून ओरडला, "मुटुप! मेमे-लेंना घेऊन ये, आम्ही जागा धरतो!"

"सगळ्यांना माहीत होतं?" गोनबोने विचारलं.

"हो."

"तुला?"

"हो."

 म्हाताऱ्याने कप खाली आणला आणि मेज शोधत हात फिरवला. मेज नव्हतं. त्याने कप गवतावर ठेवला. तो कलंडला. चहा गोंचाच्या काठावर सांडला, आणि त्याने तो पुसला नाही.

"एवढं सांगायचंच होतं," तो म्हणाला, "तर चहा पिऊन झाल्यावर सांगितलं असतंस."